यादीतून गळालेले सुधारक

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक कथा पुन्हा पुन्हा भेटते. न्यू इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या प्रॉटेस्टंट घरांतल्या सुशिक्षित स्त्री-पुरुषांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, त्यांनी पुस्तके लिहिली, पुस्तकांनी राष्ट्राचे मन पालटले आणि गुलामगिरी गेली, स्त्रियांना हक्क मिळाले, शहरांतल्या गलिच्छ वस्त्या पाडल्या गेल्या. बाहेरून आलेला माणूस या कथेत उशिरा येतो आणि येतो तो हात पसरून. आयरिश मजूर, जर्मन कारागीर, रशियातून पळालेला ज्यू शिंपी, कॅलिफोर्नियातला चिनी धोबी हे सारे सुधारणेचे लाभार्थी, किंवा फार तर तिच्या वाटेतले अडथळे. ही कथा अपुरी आहे एवढे म्हणून भागणार नाही, ती चुकीची आहे. त्या सुधारणांचा मोठा भाग परक्या भूमीवर जन्मलेल्यांनी स्वतः घडवला. त्यांना निव्वळ दयेचा विषय ठरवणाऱ्या साहित्यानेच त्यांचे कर्तृत्व पुसून टाकले.

ही कथा आपल्याकडे इतकी घट्ट का बसली, त्याला कारण आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष निष्ठेचा तो गौरव होता. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला पोहोचल्या, पुढे जवळजवळ तीन वर्षे त्या देशभर फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीतले पहिले भरघोस पुस्तक दिले. ते पुस्तक भाबडे नाही. मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेला अन्याय त्यात आहे. पण रमाबाईंचे यजमान होते स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या, मद्यपानविरोधी स्त्री-संघटनेच्या फ्रान्सिस विलर्ड, बॉस्टनचे धर्मगुरू आणि समाजसेविका. मराठी माणसाला अमेरिका प्रथम भेटली ती या दिवाणखान्यांतून. रमाबाई तिथे पोहोचल्यानंतर दोनच महिन्यांत शिकागोच्या हेमार्केट चौकात आठ तासांच्या दिवसासाठी लढणाऱ्या परदेशी मजुरांवर आकाश कोसळले. ती अमेरिका आपल्या वाचनात उशिरा आली, आणि आली तेव्हा सुधारणेच्या प्रकरणात न बसता कामगार चळवळीच्या वेगळ्या प्रकरणात जाऊन बसली.

रूढ कथेची सर्वांत कठोर परीक्षा तिच्याच माहेरी, मॅसॅच्युसेट्समध्ये होते. १८५४ च्या निवडणुकीत त्या राज्यात ‘नो-नथिंग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या परकीयविरोधी पक्षाने गव्हर्नरपद जिंकले, राज्य सिनेटच्या सगळ्या जागा जिंकल्या आणि खालच्या सभागृहात विरोधकांना बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरल्या. या विधिमंडळाने १८५५ मध्ये काय केले? सार्वजनिक शाळांत वर्णावरून मुले वेगळी बसवण्यावर बंदी घातली. असा कायदा करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवणे अवघड व्हावे म्हणून गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून कायदा केला. विवाहित स्त्रीचा मालमत्तेवरचा हक्क वाढवला, कर्जापायी तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद केली आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक हेन्री विल्सन यांना वॉशिंग्टनच्या सिनेटवर पाठवले. सुधारणेच्या कोणत्याही इतिहासात ही कामगिरी मानाने लिहिली जाईल. त्याच सत्ताधाऱ्यांनी त्याच वर्षी आयरिश लोकांच्या स्वयंसेवक लष्करी तुकड्या मोडल्या, सरकारी नोकरीतून परदेशात जन्मलेल्यांना काढले, कॅथलिक मुलांनाही शाळेत प्रॉटेस्टंटांचे बायबल वाचणे भाग पाडले, जोगिणींच्या मठांची झडती घ्यायला विधिमंडळाची समिती धाडली आणि धर्मशाळांतल्या निराधार आयरिश लोकांना जहाजांत घालून लिव्हरपूलला परत पाठवले. पुढे १८५७ मध्ये मतदारासाठी साक्षरतेची अट आली आणि १८५९ मध्ये नागरिकत्व मिळाल्यावरही मतासाठी आणखी दोन वर्षे थांबण्याची अट आली.

हा निव्वळ ढोंगीपणा होता, असे म्हणून काही जण सुटका करून घेतात. तसे म्हणता येणार नाही. ती माणसे दोन्ही बाबतींत प्रामाणिक होती, आणि प्रश्न नेमका तिथेच आहे. त्यांच्या लेखी गुलामगिरी, दारू आणि पोपची सत्ता ही माणसाला परतंत्र करणारी एकाच जातीची बंधने होती. गुलाम मालकाच्या मुठीत, दारुडा बाटलीच्या मुठीत आणि आयरिश माणूस धर्मगुरूच्या मुठीत. या तर्कात आयरिश माणसाला स्वतःची इच्छा आणि स्वतःचा विचार असतो, हे गृहीतच धरलेले नव्हते. ज्याला इच्छा नाही त्याची सुधारणा करायची, त्याच्याशी चर्चा करायची नाही. वर्णावरून शाळा वेगळ्या करू नयेत, या कायद्यामागे बॉस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाने विल्यम कूपर नेल यांच्या पुढाकाराने चालवलेला अनेक वर्षांचा लढा होता, त्यांनी शाळांवर बहिष्कार घातला होता, न्यायालयाचे दार ठोठावले होते. तो लढा विसरून श्रेय विधिमंडळाला देणारी दृष्टी आणि आयरिश माणसाला धर्मगुरूचे बाहुले समजणारी दृष्टी एकच.

आता साहित्याकडे वळू, कारण या कथेचा मुख्य भार तिथे आहे. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’च्या १८५२ मध्ये एका वर्षात अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रती खपल्या, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांचे वडील लायमन बीचर यांनी ऑगस्ट १८३४ मध्ये बॉस्टनमध्ये कॅथलिकांविरुद्ध जहाल प्रवचने दिली आणि लगेच दुसऱ्या रात्री जवळच्या चार्ल्सटाउनमधला उर्सुलाइन जोगिणींचा मठ जमावाने जाळला, हे फारसे कोणी सांगत नाही. हेच बीचर मद्यपानविरोधी चळवळीचे सर्वांत प्रभावी वक्ते होते. स्टोबाईंच्या पुस्तकाआधी त्या काळी तुफान खपलेल्या पुस्तकांत १८३६ चे मारिया मंकचे मठातल्या कथित अत्याचारांचे वर्णन होते. विल्यम स्टोन या प्रॉटेस्टंट पत्रकाराने माँट्रियलच्या त्या मठात स्वतः जाऊन पाहणी केली आणि सारे खोटे असल्याचे छापले, तरी पुस्तकाचा खप थांबला नाही. पुस्तकांनी मने पालटतात हे खरे, पण ती कोणत्याही दिशेला पालटतात. थोरोसारखा स्वच्छ मनाचा लेखकही यातून सुटला नाही. वॉल्डन तळ्याकाठच्या आपल्या झोपडीच्या फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर राबणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराचे खोपटे सव्वाचार डॉलरला विकत घेतले. ‘वॉल्डन’ या त्याच्या पुस्तकात जॉन फील्ड नावाच्या आयरिश शेतमजुराला साधेपणाने जगण्याचा उपदेश आहे, आणि या माणसाच्या कुळातच दारिद्र्य मुरले आहे असा निर्वाळाही आहे. गरिबीतून जीव वाचवून आलेल्या माणसाला साधेपणा शिकवावा लागत नाही, हे त्या थोर लेखकाला सुचले नाही.

याच काळात परदेशी माणसे काय करत होती? पोलंडमधल्या पिओत्रकूव गावी एका रब्बीच्या घरी १८१० मध्ये जन्मलेल्या अर्नेस्टाइन रोझ १८३६ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. लग्नानंतर स्त्रीची सारी मालमत्ता नवऱ्याची होते, या कायद्याविरुद्धच्या विधेयकासाठी त्या वर्षी त्या सह्यांचा अर्ज घेऊन दारोदार फिरल्या. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना पाच सह्या मिळाल्या. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती, धर्माने त्या ज्यू घरातल्या आणि मताने निरीश्वरवादी, म्हणजे न्यूयॉर्कच्या भल्या घरांत दार लावून घ्यायला तीन कारणे. तरी बारा वर्षे त्यांनी हा पाठपुरावा सोडला नाही, आणि एप्रिल १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. सेनेका फॉल्सची परिषद, जिथून अमेरिकन स्त्रीमुक्तीचा इतिहास सुरू करायची पद्धत आहे, ती त्यानंतर तीन महिन्यांनी भरली. त्या परिषदेच्या संयोजक एलिझाबेथ स्टँटन यांनीही या कायद्यासाठी काम केले, यात शंका नाही. पण पहिला अर्ज घेऊन निघालेल्या बाईला उशिराची पाहुणी म्हणून पानाच्या तळाशी ठेवणे हा अन्याय आहे. आणखी एक नोंद इथे महत्त्वाची आहे. १८५४ मध्ये रोझ आणि स्त्रीहक्कांच्या पुढारी सुसान अँथनी एकत्र दौऱ्यावर होत्या. लूसी स्टोन आणि वेंडेल फिलिप्स यांच्यासारख्या बिनीच्या सुधारकांच्या मनातही परकीयांविषयी पूर्वग्रह आहे, असे रोझ यांनी तेव्हा बोलून दाखवले आणि अँथनींना ते पटले नाही. हे अँथनींच्याच रोजनिशीत आहे. म्हणजे चळवळीच्या आतला हा ताण आज कोणी मागाहून शोधून काढलेला नाही, त्या वेळी तो सोसणाऱ्या बाईने तो तोंडावर सांगितला होता.

१८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर आलेल्या जर्मनांची गोष्ट याहून मोठी आहे. ॲडॉल्फ डूआई टेक्सासात आले, सॅन अँटोनियोत त्यांनी १८५३ मध्ये जर्मन वृत्तपत्र काढले आणि गुलामांच्या राज्यात बसून गुलामगिरीविरुद्ध लिहिले. १८५४ मध्ये त्याच गावी भरलेल्या जर्मनांच्या सभेने गुलामगिरी हे दुष्कृत्य आहे असा ठराव केला. जाहिराती गेल्या, धमक्या आल्या, १८५६ मध्ये डूआईंना उत्तरेला निघून जावे लागले. युद्धानंतर, १८६८ मध्ये, त्याच छापखान्यावर कृष्णवर्णीय संपादक आणि जुळारी यांनी काढलेले वृत्तपत्र त्यांच्या हाती आले. बॉस्टनमध्ये सुरक्षित बसून गुलामगिरीचा निषेध करणे आणि टेक्सासात राहून करणे यातला फरक ज्याला कळतो, त्याने धैर्याची यादी बनवताना डूआईंचे नाव गाळू नये. मिलवॉकीत माथिल्ड आनेके यांनी १८५२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी जर्मन नियतकालिक काढले. मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला अमेरिकेतली पहिली बालवाडी उघडली. त्यांचे पती कार्ल शुर्झ यांनी एप्रिल १८५९ मध्ये थेट बॉस्टनच्या फॅन्यूल हॉलमध्ये उभे राहून, मॅसॅच्युसेट्सची दोन वर्षांची अट अमेरिकन तत्त्वांशीच द्रोह करते, असे सुधारकांना त्यांच्या घरात येऊन सुनावले. पुढच्या वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यात नागरिकत्वाचे कायदे संकुचित करण्याला विरोध करणारे कलम आले ते या मतदारांच्या दबावाने. लिंकन ज्या पक्षाकडून निवडून आले तो पक्ष परकीयद्वेषापासून काही पावले दूर सरला, तो आपणहून नव्हे. मे १८६१ मध्ये सेंट लुईसमधली दक्षिणधार्जिणी छावणी वेढून मिसूरी संघराज्यात ठेवणाऱ्या स्वयंसेवकांत बहुसंख्य जर्मन होते, हेही इथेच नोंदवतो.

यावर पहिला आक्षेप तयार असतो, आणि तो गंभीर आहे. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध उठलेल्या जमावाने कृष्णवर्णीयांना भर रस्त्यात फासावर लटकवले, त्यांच्या अनाथ मुलांचे वसतिगृह जाळले. शंभरावर माणसे मेली. तो जमाव मोठ्या प्रमाणात आयरिश होता. त्याआधी १८४२ मध्ये खुद्द आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांच्या नावासह साठ हजार सह्यांचे आवाहन आयर्लंडहून आले. अमेरिकेतल्या आयरिश बांधवांनी गुलामगिरीविरोधकांना साथ द्यावी, असे त्यात म्हटले होते. ते अमेरिकेतल्या आयरिश पुढाऱ्यांनी आणि कॅथलिक धर्मगुरूंनी झिडकारले. मग परदेशी माणूस सुधारणेचा कर्ता कसा? या घटनांना मी कोणतेही पांघरूण घालणार नाही. भरतीतून सुटायला तीनशे डॉलर मोजण्याची सोय श्रीमंतांना होती आणि गोदीवरच्या मजुराला नव्हती, हे कारण रागाचे आहे, निष्पाप माणसांना मारण्याचे नाही. ज्यांनी मारले त्यांनी गुन्हा केला. पण आक्षेप घेणाऱ्याने स्वतःच्या मोजमापाकडे पाहावे. दक्षिणेतले लाखो गुलाममालक आणि त्यांचे पाठीराखे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रॉटेस्टंट अमेरिकन होते. त्यावरून प्रॉटेस्टंट माणसाची वृत्तीच गुलामगिरीची असते, असे कोणी म्हणत नाही. तिथे आपण माणसामाणसांत भेद करतो. गुलामगिरीविरोधक गॅरिसन वेगळा आणि गुलामगिरीचा समर्थक कॅल्हून वेगळा, हे आपल्याला कळते. आयरिश माणसाच्या बाबतीत मात्र एका जमावावरून सारा समाज ठरतो. त्या चार दिवसांत जमावाशी लढणाऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांतही आयरिश मोठ्या संख्येने होते, आणि संघराज्याच्या सैन्यात आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे दीड लाख आणि जर्मनीत जन्मलेले सुमारे दोन लाख शिपाई लढले. ओकॉनेलचे आवाहन का फसले, याचाही शोध घ्यायला हवा. ज्या चळवळीच्या व्यासपीठावर लायमन बीचरांचे अनुयायी बसत, तिथे चार्ल्सटाउनच्या राखेची आठवण असलेला कॅथलिक जाऊन बसेल, ही अपेक्षाच वास्तवाला सोडून होती. सुधारकांनी ते दार स्वतः अर्धे लावून घेतले होते.

दारूच्या प्रश्नावरही हेच. बिअर पिणारा जर्मन आणि व्हिस्की पिणारा आयरिश मद्यबंदीला विरोध करतो म्हणजे तो सुधारणेचा शत्रू, हे समीकरण अमेरिकेत लोकप्रिय होते आणि आपल्याकडे, दारूबंदीविषयीच्या आदरामुळे, सहज पटते. पण १८५५ मध्ये शिकागोच्या ‘नो-नथिंग’ महापौराने दारूविक्रीच्या परवान्याचे शुल्क पन्नास डॉलरवरून तीनशेवर नेले आणि रविवारची बंदी सक्तीने अमलात आणली, तेव्हा घाव बसला तो जर्मनांच्या रविवारच्या बैठकीवर, त्यांच्या सभा आणि संघटना जिथे भरत त्या जागांवर. त्या शहरात दंगल झाली ती यामुळे. उलट फादर थिओबाल्ड मॅथ्यू आयर्लंडहून येऊन १८४९ ते १८५१ अशी दोन वर्षे अमेरिकाभर हिंडले तेव्हा आयरिश लोकांनी हजारोंनी दारू सोडण्याची शपथ घेतली, आणि १८७२ मध्ये कॅथलिकांची स्वतःची मद्यत्याग संघटना देशभर उभी राहिली. विरोध दारू सोडण्याला नव्हता, हातात दंडुका घेऊन सोडवायला येणाऱ्याला होता.

गृहयुद्धानंतरच्या काळात दयेचे साहित्य बहराला आले. चार्ल्स लोरिंग ब्रेस यांनी १८५३ मध्ये मुलांच्या मदतीसाठी संस्था काढली, १८५४ पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची मुले रेल्वेने पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवायला सुरुवात केली आणि १८७२ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच त्या मुलांच्या वर्गाला घातक म्हटले. त्या मुलांत आईबाप हयात असलेली कॅथलिक मुले पुष्कळ होती आणि ती जात होती ती प्रॉटेस्टंट घरांत. आईबापांनी आणि त्यांच्या चर्चने याला विरोध केला, स्वतःची अनाथालये उभारली, तर तो पुन्हा मागासपणा ठरला. हेतूच्या चांगुलपणाविषयी मला शंका नाही, पण मुलांच्या आईला विचारण्याची गरज ज्या सुधारणेला वाटत नाही, तिच्यात काहीतरी मुळातच बिघडलेले आहे.

इथे जेकब रीस यांचे नाव पुढे केले जाते. डेन्मार्कच्या रीबे गावचा हा तरुण १८७० मध्ये रिकाम्या खिशाने आला, पोलीस कचेऱ्यांच्या धर्मार्थ खोल्यांत झोपला, बातमीदार झाला आणि १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या टेनेमेंट इमारतींतले जिणे शब्दांत आणि छायाचित्रांत मांडून त्याने शहराला हादरवले. म्हणजे परदेशी माणूसच सुधारक झाला, मग तक्रार कसली? तक्रार अशी की रीस यांच्या पुस्तकात इटालियन, ज्यू, चिनी हे सारे आपापल्या जातिस्वभावाचे नमुने म्हणून उभे आहेत, आणि चिनी वस्तीवरचे प्रकरण तर उघड तिरस्काराचे आहे. अंधाऱ्या खोलीत अचानक स्फोटासारखा उजेड पाडून घेतलेल्या त्या छायाचित्रांतली माणसे दचकलेली दिसतात, बोलत नाहीत. पुस्तकाचा परिणाम झाला हे मी नाकारत नाही. मलबेरी बेंडची भयंकर वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तिथे बाग झाली. पण तिथे राहणारे इटालियन मजूर बागेत राहायला गेले नाहीत, ते दुसऱ्या तितक्याच कोंदट इमारतींत गेले. राहणाऱ्याला सल्ल्याला न घेता केलेल्या सुधारणेची ही मर्यादा मुंबईच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला निघालेल्या ट्रस्टने पाडलेल्या चाळींचा इतिहास त्याच्यासमोर आहे.

याच्या उलट उदाहरण शिकागोचे आहे. मे १८८६ मध्ये हेमार्केट चौकात झालेल्या बॉम्बस्फोटानंतर आठ तासांच्या चळवळीचे आठ पुढारी दोषी ठरले, त्यांतले सहा परदेशात जन्मलेले. ‘आर्बायटर त्सायटुंग’ या जर्मन वृत्तपत्राचे संपादक ऑगस्ट श्पीस यांच्यासह चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. बॉम्ब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. सुधारणेचा वारसा सांगणाऱ्या नामांकित साहित्यिकांपैकी दयेसाठी जाहीर पत्र लिहिण्याचे धैर्य एका विल्यम डीन हॉवेल्स यांनी दाखवले. बाकीचे गप्प राहिले. सहा वर्षांनी, १८९३ मध्ये, तुरुंगात असलेल्या तिघांना माफी देऊन खटलाच अन्यायाचा होता असे सांगणारे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड जर्मनीत जन्मलेले होते. त्याच वर्षी त्यांच्या कारकिर्दीत इलिनॉयचा कारखाना कायदा आला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मनाई, स्त्रियांना आठ तासांची मर्यादा, घरोघरच्या शिवणखोल्यांवर देखरेख. या कायद्याचे श्रेय जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या समाजसेवा केंद्राला आणि फ्लॉरेन्स केली यांना दिले जाते, ते योग्यच आहे. पण केलींना शिवणखोल्यांची माहिती कोणी दिली? क्लोक शिवणाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी अब्राहम बिस्नो, रशियातून किशोरवयात आलेले, त्या खोल्यांत स्वतः राबलेले. कायदा झाल्यावर ते उपनिरीक्षक म्हणून त्याच खोल्यांची तपासणी करायला गेले. आयरिश आईबापांची मुलगी मेरी केनी पुस्तकबांधणीच्या कामातून आली आणि स्त्रियांच्या संघटना बांधत राहिली. हल हाउसचे मोठेपण असे की तिथे या माणसांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. दुसरीकडे सुधारक त्यांच्यासाठी बोलत होते, इथे त्यांच्याबरोबर बोलले आणि कायदा हाती आला. त्यातले आठ तासांचे कलम १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तरी निरीक्षणाची व्यवस्था टिकली.

दुसरा आक्षेप असा की रोझ, शुर्झ, आल्टगेल्ड ही शिकली-सवरलेली, अपवादात्मक माणसे, सामान्य परदेशी माणसाचे काय? याचे उत्तर सर्वांत छळल्या गेलेल्या समाजाकडून येते, आणि इथे माझ्याच बाजूची एक कटू गोष्ट आधी मांडली पाहिजे. चिनी मजुरांविरुद्ध कॅलिफोर्नियात १८७७ पासून रान उठवणारा डेनिस कर्नी आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. १८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जला अठ्ठावीस चिनी खाणकामगारांची कत्तल करणाऱ्यांत परदेशी कामगार बरेच होते, आणि स्त्रिया व कृष्णवर्णीय यांना सभासद करून घेणाऱ्या नाइट्स ऑफ लेबर या संघटनेचे दार चिन्यांना बंद होते. परदेशात जन्मल्याने कोणी आपोआप उदार होत नाही. ब्रेट हार्ट यांनी १८७० मध्ये चिनीद्वेष्ट्यांची खिल्ली उडवायला लिहिलेली कविता त्या द्वेष्ट्यांनीच आपली म्हणून मिरवली. साहित्याच्या सामर्थ्यावर सारा भार टाकणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचे दार बंद झाले आणि नागरिकत्वाचेही. मत नाही, प्रतिनिधी नाही, वृत्तपत्रे विरोधात. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीतल्या धोबीखान्याला परवाना लागे. सुमारे दोनशे चिन्यांनी अर्ज केले, सर्व फेटाळले गेले. चिनी नसलेल्यांचे अर्ज, एखादा अपवाद सोडता, मंजूर झाले. कपडे धुणाऱ्या या माणसांनी आपल्या व्यवसायसंघाच्या पैशांतून वकील दिले, आणि १८८६ मध्ये ‘यिक वो’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. चौदाव्या घटनादुरुस्तीचे संरक्षण नागरिकांपुरते नाही, त्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे, आणि दिसायला निःपक्षपाती कायदाही पक्षपाताने राबवला तर तो घटनेच्या विरुद्ध ठरतो. कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या पुढच्या लढ्यांना हा आधार मिळाला तो धोब्यांकडून. वाँग चिन फू यांनी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला चिनी वृत्तपत्र काढले, १८८७ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’सारख्या प्रतिष्ठित नियतकालिकात, आपण ख्रिस्ती न होता आपल्याच धर्मात का राहिलो हे निर्भीडपणे मांडले आणि १८९२ मध्ये चिन्यांच्या समान हक्कांसाठी संघटना उभारली. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला नोंदणीचा दाखला जवळ बाळगणे भाग पाडले, तेव्हा बहुसंख्य चिन्यांनी नोंदणीलाच नकार दिला. सत्याग्रह हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता, कृती मात्र तीच होती. आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्क यांच्या खटल्यात अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल, त्याचे आईबाप कोणत्याही वंशाचे असोत, अमेरिकन नागरिक आहे हे न्यायालयाने मान्य केले. या तत्त्वावर आज त्या देशातल्या असंख्य मराठी घरांतल्या मुलांचे नागरिकत्व उभे आहे.

सुधारणा साहित्याने झाली की नाही, असा हा वाद नाही. साहित्य म्हणून काय मोजायचे, हा आहे. इंग्रजीत, बॉस्टन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी छापलेले तेवढे साहित्य, आणि डूआईंचे जर्मन अग्रलेख, आनेकेबाईंचे नियतकालिक, अब्राहम काहान यांनी १८९७ मध्ये उभे करण्यात हातभार लावलेले यिडिश दैनिक, ही मात्र वस्तीतली किरकोळ छपाई, असे मोजमाप लावले तर रूढ कथाच खरी ठरणार. फुल्यांनी मराठीत लिहिले म्हणून त्यांचे लेखन प्रांतिक आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे राष्ट्रीय, हे मोजमाप आपण आपल्या घरी मान्य करत नाही. ते अमेरिकेच्या बाबतीतही मान्य करू नये. स्त्रीमुक्तीचा इतिहास सेनेका फॉल्सपासून सुरू करणाऱ्या प्रत्येक मराठी पाठ्यपुस्तकात त्याआधीच्या पाच सह्या आणि त्या गोळा करणाऱ्या बाईचे नाव यावे. हल हाउसच्या प्रत्येक गौरवलेखात बिस्नो यावेत. आणि अमेरिकेतल्या समान संरक्षणाच्या तत्त्वावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या धोब्यांचा उल्लेख करावा, कारण तो खटला त्यांनी लढला आणि त्यांनी जिंकला.